दर गणपतीला तेच काळे ठिपके: एलईडी वॉलसाठी एसएमडी, जीओबी की सीओबी, हे ठरवण्याआधी काय तपासावं

गणपतीच्या आधीचा आठवडा. गोदामाचं शटर वर, फ्लाइट केस (ने-आण करायच्या पेट्या) बाहेर, अंगणात एलईडी वॉलची चार-चार कॅबिनेट, म्हणजे दिव्यांच्या चौकटी, जोडायची, पांढरा पॅटर्न लावायचा आणि दोन पावलं मागे सरून बघायचं. मे महिन्यातल्या शेवटच्या लग्नात हीच भिंत स्वच्छ होती. मधले तीन महिने तिला कुणी हातही लावलेला नाही. तरी पांढऱ्यावर काळे ठिपके, आणि लाल पॅटर्न लावला की चाळणच. एक वर्ष असं झालं असतं तर नशिबाला बोल लावून मोकळा झालो असतो. लागोपाठ तीन वर्षं झालं. दर वर्षी दिवे बदलले, दर भाद्रपदात नवे गेले.

आम्ही सिंधुदुर्गात भाड्याने वॉल देतो. गावोगावचे गणपती, नवरात्र, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, त्यात अर्धी कामं गोव्याची. भिंत ४ मीटर बाय ३ मीटर, ५०० मिलिमीटर चौरसाची ४८ कॅबिनेट, पिच, म्हणजे दोन पिक्सेलमधलं अंतर, ३.९१ मिलिमीटर. एका कॅबिनेटात १२८ गुणिले १२८ पिक्सेल, म्हणजे १६,३८४. सगळ्या भिंतीत ७,८६,४३२. हा आकडा लक्षात ठेवा, कारण बहुतेक माहितीपत्रकांवर मृत पिक्सेलचं प्रमाण ‘दहा हजारांत एक’ असं छापलेलं असतं आणि ते वाचून आपण खूश होतो. या भिंतीला तो हिशेब लावला तर ७८ मेलेले दिवे कागदोपत्री चालून जातात. मंडळाच्या अध्यक्षांना मात्र बाप्पाच्या कपाळावरचा एकच दिसतो.

मी सल्ला विचारला त्या प्रत्येकाचं एकच उत्तर: एसएमडी (बोर्डावर सोल्डर केलेले सुटे दिवे) सोडा, जीओबी (त्याच दिव्यांवर गोंदाचा थर) घ्या. जो जरा पुढचा होता तो म्हणाला, सीओबी (चिपा थेट बोर्डावर) घ्या. उत्तर पूर्ण चुकीचं नव्हतं. पण माझ्या भिंतीला नक्की काय झालंय हे त्यांच्यापैकी कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते माहीत नव्हतं.

ठिपका दिसला म्हणजे दिवा गेला, असं नाही

हॉट एअर (सोल्डर वितळवणारं गरम हवेचं हत्यार) हातात घेण्याआधी लाल, हिरवा, निळा, पांढरा असे चारही पॅटर्न एकेक करून लावा आणि बिघाडाचा आकार बघा. बराचसा उलगडा आकारातच होतो.

सोळा पिक्सेल रुंदीचा पट्टा एकाच रंगात गेला असेल तर दिव्यांना दोष देऊ नका. दिव्यांना वीज देणाऱ्या ड्रायव्हर आयसीला साधारणपणे सोळा पाय बाहेर जाणारे असतात, म्हणजे ती आयसी किंवा तिचं सोल्डर गेलं. त्या पट्ट्यापासून पुढचं सगळंच गेलं असेल तर डेटा तिथे तुटलाय, कारण तो एका आयसीतून पुढच्या आयसीत साखळीने जातो. ठरावीक अंतराने आडव्या ओळी काळ्या दिसत असतील तर ओळी बदलणारी आयसी बघा. अख्खं मॉड्यूल (कॅबिनेटमधला दिव्यांचा सुटा बोर्ड) लुकलुकत असेल तर आधी रिबन केबल काढून पिना बघा. समुद्रकिनाऱ्यावरचं लग्न करून आलेल्या कॅबिनेटमध्ये त्या पिनांवर हिरवट-पांढरा थर हमखास सापडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, दहा मिनिटांचं काम. अशी मॉड्यूलं ‘मेली’ म्हणून बाजूला टाकलेली मी पाहिली आहेत, आणि टाकणाऱ्यांत पहिल्या वर्षी मीही होतो.

एवढं वगळून जे सुटे सुटे ठिपके उरतात ते दिव्यांचे. त्यांतही फरक आहे. एसएमडी दिव्याच्या एका इवल्याशा डबीत लाल, हिरवी, निळी अशा तीन चिपा असतात आणि पाय चार: तीन रंगांचे तीन, चौथा सामाईक. तिन्ही रंग एकदम गेले तर सामाईक पायाचं सोल्डर सुटलंय किंवा दिवाच निखळलाय. एकच रंग गेला तर त्या रंगाचा पाय, आतली तार किंवा चिप. लाकडी टूथपिकने दिवा अलगद दाबा. दाबल्यावर पेटला आणि सोडल्यावर विझला तर सोल्डर तडकलंय, दिवा चांगला आहे.

ग्राफ पेपर

चौथ्या वर्षी दिवे बदलायच्या आधी मी पोरांना ग्राफ पेपर दिला. प्रत्येक कॅबिनेटचा एक कागद, त्यावर प्रत्येक ठिपक्याची जागा. तिन्ही रंग गेले तर काळी खूण, एकच रंग गेला तर त्या रंगाच्या पेनाने. कॅबिनेटचा नंबर आणि ते भिंतीत नेहमी कितव्या ओळीत लागतं हेही. दोन दिवस गेले. धाकटा भाऊ म्हणाला, ‘‘दादा, एवढ्या वेळात दिवे बदलून झाले असते.’’ झाले असते, आणि पुढच्या वर्षी परत बदलावे लागले असते.

कागद जमिनीवर मांडले तेव्हा दिसलं की हा एक आजार नाही. काळ्या खुणा जवळजवळ सगळ्या मॉड्यूलच्या कडांना आणि कोपऱ्यांत होत्या, त्याही मुख्यतः खालच्या दोन ओळींतल्या कॅबिनेटवर. लाल खुणा मात्र कुठेही विखुरलेल्या, कडेला तशाच मधोमध. आणि काही ठिकाणी ठिपका नव्हताच, उभी फिकट रेघ होती.

काळ्या खुणा: हे पावसाचं नाही, हाताचं काम

कोपऱ्यातला दिवा तिन्ही रंगांसकट जातो तेव्हा तो आपटलेला असतो. एसएमडी दिवा बोर्डावर चार छोट्या सोल्डरच्या ठिपक्यांवर उभा असतो. समोरून दाबलं तर तो बऱ्यापैकी सोसतो, पण बाजूने टिचकी बसली की पाय उचकटतात. माझ्या भिंतीतले दिवे १९२१ जातीचे, म्हणजे १.९ बाय २.१ मिलिमीटर. पिच जितका बारीक तितका दिवा लहान आणि पकड कमी. दीडच्या पिचला १०१० जातीचा दिवा येतो, १ मिलिमीटर चौरस. खसखशीच्या दाण्याएवढ्या वस्तूवर किती भरवसा टाकायचा?

खालच्याच ओळीत जास्त का, हे एका कार्यक्रमात बाजूला खुर्ची टाकून बसलो तेव्हा कळलं. पोरं पहिली ओळ थेट स्टेजच्या फळ्यांवर टेकवत होती. दुसऱ्या ओळीचं कॅबिनेट आणताना त्याची एक कड खालच्या कॅबिनेटच्या कडेवर टेकवायची आणि मग बिजागरीसारखं फिरवून सरळ करायचं, अशी सवय. ते फिरवताना दोन्ही कॅबिनेटचे कोपऱ्यातले दिवे एकमेकांवर घासतात. उतरवताना तेच उलट्या क्रमाने, आणि तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले, सगळ्यांना घरी जायची घाई.

इलाज साधे निघाले. पहिल्या ओळीखाली बेस बार, म्हणजे कॅबिनेट फळीला टेकतच नाही. वरचं कॅबिनेट सरळ वरून खाली, पिनेवर पिन बसेल असं सोडायचं, त्याला दोन माणसं. खाली ठेवायचं झालं तर कोपऱ्याला दुमडणारे प्लॅस्टिकचे पाय लावायचे. आमच्या कॅबिनेटला ते मुळात होते, दोन वर्षं कुणी उघडले नव्हते. पुढून मॉड्यूल काढताना स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचं नाही, व्हॅक्यूमचं हत्यार वापरायचं, आणि बसवताना लोहचुंबक मॉड्यूलला तिरकं ओढून आपटणार नाही म्हणून शेवटच्या बोटभर अंतरात हाताने अडवायचं. काढलेलं मॉड्यूल नेहमी फोमवर.

एका मोसमात काळ्या खुणा इतक्या कमी झाल्या की फक्त त्यांच्यासाठी नवी भिंत घ्यायची गरज उरली नाही.

लाल खुणा आणि फिकट रेघा: ही ओल

आता खरा पावसाळी आजार. तीन रंगांत लालच आधी का जातो? निळ्या-हिरव्या चिपा आणि लाल चिप वेगळ्या मालाच्या असतात. निळ्या-हिरव्याचे दोन्ही टोकं वरच्या बाजूला, दोन-दोन बारीक तारांनी जोडलेली. नेहमीच्या लाल चिपेचं एक टोक वर आणि दुसरं बुडाला. ते बूड बहुधा चांदीच्या पेस्टने चिकटवलेलं असतं. ओल आणि विजेचा दाब एकत्र आले की चांदीचे कण हळूहळू सरकतात आणि जिथे वाट नको तिथे वाट तयार करतात. आधी वीज थोडी गळते, मग जास्त, मग दिवा जातो.

ही गळती म्हणजेच ती फिकट रेघ. एका उभ्या रांगेतले एका रंगाचे दिवे ड्रायव्हरच्या एकाच पायावर असतात आणि आडव्या ओळी आळीपाळीने पेटतात. एखाद्या दिव्यातून उलट दिशेने वीज गळू लागली की त्या रांगेतले बाकीचे आपली पाळी नसताना मंद पेटतात. धंद्यात याला कॅटरपिलर म्हणतात, आमची पोरं सुरवंट म्हणतात. काळ्या पडद्यावर एकच पांढरा ठिपका फिरवला की सुरवंट झोपेतून उठतो. भुताटकीसारख्या सावल्या काढायला ड्रायव्हर आयसी दिव्यांना क्षणभर उलटा दाब देतात, आणि ओलसर दिव्याला तोच दाब बाधतो. कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमधून ती सेटिंग सौम्य केली तर रेघ फिकी होते, पण दिवा बरा होत नाही. कार्यक्रम दोन तासांवर असेल तर जरूर करा, नंतर विसरू नका.

‘‘पण आमची वॉल आयपी ६५ आहे’’ हे वाक्य मी दहा वेळा ऐकलंय, चार वेळा स्वतः म्हटलंय. त्या आकड्यातला ६ धुळीसाठी आणि ५ पाण्याच्या धारेसाठी. पाइपने पाणी मारलं तर आत जाणार नाही एवढीच ती हमी. कोकणातल्या जुलैची हवा धार म्हणून येत नाही. ती बुरशीसारखी, हळूहळू, प्लॅस्टिकच्या डबीतून आणि पायांच्या फटीतून शिरते. बंद ठेवलेल्या भिंतीत ती मुरते, कारण आत ऊब नसते. चालू असलेल्या दिव्यांना पावसाळा फारसा बाधत नाही. बंद ठेवलेल्यांना बाधतो.

म्हणून आता आमच्याकडे जून ते सप्टेंबर दर आठवड्याला कॅबिनेट पाळीपाळीने जोडून दोन-तीन तास चालवतो. फ्लाइट केसमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या, आणि त्या खरंच बदलतो. रंग उडालेली पिशवी वर्षभर तिथेच पडून असेल तर ती नसल्यातच जमा. गोदामात एक साधा आर्द्रतामापक टांगलाय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोसमाच्या पहिल्या दिवशी पूर्ण उजेडावर पांढरा पॅटर्न लावायची हौस बंद. पहिले काही तास १०-२० टक्के उजेडावर हलतं चित्र, मग हळूहळू वर. आतली ओल वाफ होऊन सावकाश निघून जावी, एकदम फुटून निघू नये. ज्या रेघा पहिल्या तासाला दिसत होत्या त्यांतल्या काही दुसऱ्या दिवशी आपोआप गेल्या. उरलेल्या गेल्या नाहीत, तिथे दिवा बदलला.

एक धडा आंबोलीने दिला. तिथे पावसाळी महोत्सवाचं काम करून रात्रीच घाट उतरलो आणि सकाळी किनाऱ्याजवळच्या गावात लगेच केस उघडल्या. वरच्या गारव्यात थंड झालेल्या ॲल्युमिनियमवर खालची दमट हवा लागली आणि कॅबिनेटला घाम फुटला, अक्षरशः थेंब. पोरांनी पुसलं आणि चालू केलं. त्या आठवड्यातले लाल ठिपके मी अजून विसरलो नाही. आता गाडी बदललेल्या हवेत आली की केस बंदच ठेवतो, कॅबिनेट बाहेरच्या हवेइतकं कोमट होईपर्यंत. एसी सभागृहात रात्री काम संपल्यावर दारं उघडून एसी बंद करतात तेव्हाही हेच होतं. तिथे भिंत मंद उजेडावर चालू ठेवणं हाच उपाय.

आता बांधणी: कोणती कशावर चालते

इथपर्यंत आल्यावर जीओबी-सीओबीचा प्रश्न बराच सोपा होतो, कारण आता आपण कशासाठी विचारतोय ते माहीत आहे.

जीओबी म्हणजे तेच एसएमडी मॉड्यूल, वरून पारदर्शक गोंदाचा थर ओतलेला. दिवे त्यात बुडतात, बाजूची टिचकी लागत नाही, वरून पाणी सांडलं तरी पायांपर्यंत जात नाही. काळ्या खुणांवर हे रामबाण आहे. खालच्या ओळी, डान्स फ्लोअर, मुलं हात लावतील अशी जागा, सगळीकडे शोभतं. पण गोंद ओतण्याआधी मॉड्यूल बराच वेळ जाळून, म्हणजे सलग चालवून, कच्चे दिवे बाहेर काढावे लागतात, कारण नंतर प्रत्येक दुरुस्तीला गोंद कापायचा, दिवा बदलायचा, परत भरायचा आणि तो डाग तिरकं बघणाऱ्याला दिसायचा. गोंद चांगला नसेल तर वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडतो. थराची जाडी मॉड्यूल-मॉड्यूलला वेगळी असेल तर बाजूने बघताना भिंत फरशी घातल्यासारखी दिसते.

आणि ओलीवर? इथे माझी फसगत झाली, तीही सांगतो. एका वर्कशॉपवाल्याने वापरलेल्या मॉड्यूलवर गोंद ओतून देतो म्हटलं. चार मॉड्यूल दिली. ऑगस्ट महिना. त्याने ती पुसली, ओतलं, सुकवलं. आधी भट्टीत कोरडी केली नाहीत, मीही विचारलं नाही. जी ओल बाहेर होती ती आत कोंडली गेली. नवरात्रात त्या चारही मॉड्यूलवर बाकीच्या भिंतीपेक्षा जास्त सुरवंट निघाले, आणि आता ते काढायलाही येईनात. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालून वर झाकण घट्ट लावावं तसं झालं. कारखान्यातून नवीन, कोरडं करून गोंद ओतलेलं जीओबी ओलीलाही चांगलं टिकतं. जुन्यावर ओतून घेणं माझ्या मते पैसे पाण्यात.

सीओबी ही वेगळी जात. इथे डबीच नाही. उघड्या चिपा थेट बोर्डावर बसवतात आणि सगळ्यांवर मिळून एकच थर. आताच्या बहुतेक बारीक पिचच्या सीओबीत चिपा उलट्या बसवलेल्या असतात, फ्लिप चिप. त्यात वरून जाणाऱ्या तारा नाहीत, बुडाला पेस्टचं लाल चिपेसारखं नाजूक प्रकरण नाही, आणि उष्णता सरळ बोर्डात उतरते. पृष्ठभाग सपाट, ओल्या फडक्याने पुसता येतो. आपटणं, ओल, हाताची स्थिर वीज, या तिन्ही शत्रूंना दार बंद.

मग सगळ्यांनी तेच का घेऊ नये? कारण बाजारात मिळणारं बहुतेक सीओबी सभागृहातलं, साधारण १ ते २ च्या पिचचं आहे आणि त्याचा उजेड उन्हात उभं राहण्याइतका नसतो. गणपतीच्या मांडवाला संध्याकाळी पाच वाजता पश्चिमेकडून ऊन येतं. तिथे चार-पाच हजार निट (उजेडाचं माप) देणारी बाहेरची भिंतच लागते. दुसरं, सीओबीतला दिवा मेला तर टेबलावर बदलता येत नाही, मॉड्यूल कारखान्यात जातं. तिसरं, चिपा डबीत भरून रंगानुसार निवडायची सोय इथे नाही, त्यामुळे मॉड्यूलमधला रंगफरक कॅलिब्रेशनने, म्हणजे सॉफ्टवेअरमधून उजेड-रंग जुळवून, झाकतात. हे कॅलिब्रेशन मॉड्यूलवरच्या फ्लॅश मेमरीत साठवलेलं असेल तर मॉड्यूलची जागा बदलली तरी सोबत जातं. घेताना हे विचाराच, आणि त्याच लॉटची चार-सहा मॉड्यूल जादा घ्या. नंतर मिळणाऱ्याच्या काळ्या रंगाची छटासुद्धा वेगळी निघते.

आमच्याच ओळखीतल्या एका लग्न-सभागृहात दीडच्या पिचची साधी एसएमडी भिंत होती. दर चौरस मीटरला चार लाखांवर दिवे, साफसफाईच्या मावशी ओल्या फडक्याने पुसायच्या, मुलं समोर उभी राहून बोटं लावायची. मालक दर महिन्याला मला बोलवायचा आणि दर महिन्याला मी खसखस वेचायचो. त्याला मी सीओबी घ्यायला सांगितलं आणि तिथे तेच बरोबर होतं: स्थिर भिंत, छताखाली, ऊन नाही, माणसांचा हात सतत. माझं त्या जागेचं उत्पन्न गेलं, ती गोष्ट वेगळी.

मिप म्हणजे दोन्हींच्या मधला रस्ता. बारीक चिपा आधी चिमुकल्या डबीत भरतात, तपासतात, रंगानुसार निवडतात आणि मग एसएमडीसारख्या बोर्डावर बसवतात. रंगाची एकसारखी छटा हा त्याचा मोठा गुण. १ मिलिमीटरच्या आतल्या पिचला ते दिसेल, मांडवात नाही. ‘फोर इन वन’मध्ये चार पिक्सेलची एक डबी असते. डबी मोठी म्हणून पकड चांगली, पण एक रंग गेला तरी चार पिक्सेलची डबी बदलायची.

आणि जुनं डीआयपी. रस्त्याकडेच्या जुन्या मोठ्या फलकांवर दिसतात ते टोपीवाले सुटे दिवे, लाल वेगळा, हिरवा वेगळा, निळा वेगळा, बुडाशी रबरासारखा गोंद. पिच १० आणि वर, बाजूने बघितलं की रंग फिरतो, जवळून तर चित्रच कळत नाही. पण पाऊस त्यांना काही करत नाही. मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

दिवा बदलायचाच असेल तर

भाड्याच्या एसएमडी भिंतीचा खरा फायदा हाच की टेबलावर बसून दिवा बदलता येतो. तो नीट बदलला नाही तर मात्र पुढच्या पावसाळ्याचा ठिपका आजच पेरला जातो. दिव्यांच्या पाकिटावर एमएसएल म्हणून एक आकडा असतो, दिवा ओलीला किती नाजूक आहे ते सांगणारा. ३ असेल तर पाकीट उघडल्यावर १६८ तासांत दिवा सोल्डर व्हायला हवा, ५ए असेल तर फक्त २४ तासांत. आमच्या ड्रॉवरमध्ये उघडी पाकिटं दोन-दोन वर्षं पडलेली होती. असा दिवा सरळ हॉट एअरखाली धरला की आतल्या ओलीची वाफ होते आणि डबी आतून सुटते. दिवा पेटतो, आपण खूश होतो, तो गणपतीत मरतो. दर वर्षी नव्याने मरणाऱ्यांत मी स्वतःच लावलेले बरेच असणार, हे मान्य करायला मला वेळ लागला. आता उघड्या पाकिटातले दिवे आधी ६० अंशांच्या आसपास दिवसभर भाजतो आणि पाकीट परत सिलिका जेलसकट सील करतो.

सोल्डर पेस्टबद्दलही. १३८ अंशांला वितळणारी बिस्मथची पेस्ट काम सोपं करते, शेजारचे दिवे भाजत नाहीत, म्हणून दुकानदार तीच देतो. ती ठिसूळ असते. सभागृहातल्या स्थिर भिंतीला एक वेळ चालेल, ट्रकमधून हिंडणाऱ्या भिंतीला नाही. आम्ही १८३ अंशांची ६३-३७ (कथील-शिसं) वापरतो, शेजारच्या दिव्यांवर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावून. दिव्याची खूण कोणत्या कोपऱ्यात आहे ते बघून मगच ठेवा. फिरवून लावलेला दिवा चुकीच्या रंगात पेटतो आणि ते भर पूजेत कळतं. भिंतीसोबत कारखान्याने जे जादा दिवे दिले असतील ते त्याच निवडीचे असतात. ते जपून ठेवा, बाजारातला ‘तसाच’ दिवा पांढऱ्या पॅटर्नवर वेगळा उठून दिसतो.

आमच्या भिंतीचं शेवटी असं ठरलं: ४८ पैकी खालच्या दोन ओळींसाठी १६ कॅबिनेटची मॉड्यूल कारखान्यातूनच जीओबी होऊन आलेली घेतली, वरच्या चार ओळींची साधी एसएमडी तशीच ठेवली. दोघांच्या उजेडात आणि रंगात फरक होता. सॉफ्टवेअरमध्ये मॉड्यूलनिहाय उजेड जुळवायला एक अख्खी रात्र गेली, आणि अगदी बाजूला बसलेल्या माणसाला सांधा अजूनही किंचित दिसतो. यंदा चतुर्थीच्या आधी पॅटर्न लावले तेव्हा ग्राफ पेपरचा एकच कागद पुरला. त्यावर सात लाल खुणा आहेत, एक सुरवंट आहे. काळी खूण एक, नवव्या कॅबिनेटच्या डाव्या कोपऱ्यात. ती कुणाच्या हातून झाली ते आमच्या गोदामात सगळ्यांना माहीत आहे, आणि तो म्हणतो की ते आधीपासूनच होतं.